वाटेत उतरवून घेतलेलं टपाल

शनिवारी दुपारची जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला, की अजूनही माझे कान शेजारच्या लोखंडी ग्रिलकडे लागतात. त्या फ्लॅटमध्ये आता एक तरुण जोडपं राहतं. भली माणसं आहेत, लिफ्टमध्ये भेटली की हसतात. पण ग्रिलला धरून उभं राहून "पूना, वेळ आहे का थोडा?" असं विचारणारं तिथे आता कुणी नाही.

पूना म्हणजे मी. आम्ही सिंगापूरला, हौगांगच्या या ब्लॉकमध्ये राहायला आलो तेव्हा शेजारच्या वयस्कर चिनी गृहस्थांनी माझं नाव विचारलं होतं. खूप प्रयत्न करूनही ते त्यांच्या जिभेवर बसेना. मग तू कुठली, असं त्यांनी विचारलं. मी पुणे म्हटलं. ते भूगोलाचे निवृत्त शिक्षक, त्यामुळे पुणे नकाशावर कुठे येतं ते त्यांना बरोबर ठाऊक होतं, फक्त त्यांच्या जुन्या नकाशात ते 'पूना' होतं. त्या दिवसापासून मी पूना झाले. मी त्यांना अंकल म्हणायची. इथे वयाने मोठ्या कुणालाही अंकल-आंटीच म्हणतात, तेव्हा त्यात विशेष काही नव्हतं.

आमचे हे तुआसला, जहाजं दुरुस्त करणाऱ्या यार्डात इंजिनियर. हौगांग बेटाच्या एका बाजूला, तर तुआस पार दुसऱ्या टोकाला. उजाडायच्या आत कंपनीची बस धरायची आणि परत यायचं ते आंबून. शनिवारीही काम असायचंच. मुलगी शाळेत लवकर रमली. मी मराठीत काही विचारलं तर "ओके लाह, मम्मी" म्हणून पळायची. मी पुण्यात शाळेत मराठी शिकवत असे. इथे डिपेंडंट पासवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या आधाराने मिळणाऱ्या परवान्यावर, आले आणि एकाएकी माझ्याकडे दुपारच दुपार शिल्लक राहिली. कॉरिडॉरमध्ये कपडे वाळत घालायचे, खालच्या बाजारातून भाजी आणायची, आणि पत्रपेटी उघडून बघायची. माझी आई तेव्हा अजून पत्रं लिहायची. फोन महाग पडतो, म्हणायची, शिवाय फोनवर काय बोलायचं ते ऐन वेळी आठवत नाही.

अंकलशी खरी ओळख झाली ती त्या पत्रपेटीशीच. मी आईचं पाकीट फाडत होते. ते मागून म्हणाले, "असं नको फाडू. कात्रीने काप."

मला वाटलं त्यांना तिकीट हवं असेल. मी म्हटलं, "तिकीट काढून देऊ का तुम्हाला?"

"तिकीट काय करायचंय? तिकीट कुठेही विकत मिळतं. पाकीट बघ." त्यांनी पाकीट उलटं करून मागचे शिक्के दाखवले. "इथे बसलं, इथे उतरलं, इथे दोन दिवस पडून राहिलं. पाकिटाने प्रवास केलेला असतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला त्यांचा संग्रह बघायला बोलावलं. त्यांची बायको काही वर्षांपूर्वी वारली होती, मुलगी लग्न होऊन बेटाच्या पूर्व टोकाला, पासिर रिसला राहायची. घरात एक गोल टेबल, देव्हारा, भिंतीवर जगाचा नकाशा आणि कपाटात ओळीने लावलेल्या जाड फायली. त्या फायलींमध्ये साधी पाकिटं नव्हती. ज्यांचा प्रवास वाटेत कुणीतरी थांबवला होता, तेवढीच पाकिटं त्यांनी जमवली होती.

त्यांनी मला ते सगळं शाळेत शिकवल्यासारखं समजावून सांगितलं. दोन देशांची लढाई जुंपली की एकमेकांची जहाजं पकडणार हे उघडच आहे. पण काही देश लढाईत नसतात, तटस्थ असतात. त्यांची जहाजं समुद्रावर हिंडत असतात आणि त्यांच्या पोटात टपालाच्या पिशव्या असतात. मग आरमाराची बोट अशा जहाजाला आडवी जाते, थांबायची खूण करते. अधिकारी वर चढतात आणि माणसांना हात न लावता पिशव्या तेवढ्या उतरवून घेतात. पिशव्या बंदरात नेऊन फोडतात. लोक बसून ती पत्रं वाचतात, ज्यांत काही वावगं वाटत नाही ती पुढे धाडतात, आणि उरलेली लढाई संपेपर्यंत कुठल्यातरी गोदामात पडून राहतात.

"त्यातली कितीतरी इथे, सिंगापूरला उतरवली," ते म्हणाले. "तू भाजी घेऊन बसने येतेस ना, तशीच ही पत्रं इथे आली. फक्त त्यांना इथे यायचं नव्हतं."

त्यांचं इंग्रजी असंच होतं, आखडतं आणि नेमकं. मी हसले. मग शनिवारची दुपार ठरून गेली. मी यायची, ते टेबलावर पांढरं कापड अंथरायचे, एखादी फाइल काढायचे आणि एकेका पाकिटाची हकीकत सांगायचे. मध्येच चिनी चहा. मी कधी चिवडा न्यायची, कधी शंकरपाळी. शंकरपाळ्यांना ते "पूना बिस्किट" म्हणत.

एका शनिवारी त्यांनी एक वेगळी, बारीक फाइल काढली. "ही तुझ्यासाठी बरेच दिवस शोधत होतो," ते म्हणाले. "हे हिंदी आहे ना?"

आत एक मळकं पाकीट आणि त्यातून काढून वेगळं ठेवलेलं पत्र होतं. पाकिटावर अमेरिकेचं तिकीट, बाजूला सेन्सॉरची चिकटपट्टी, आणि इंग्रजीत पत्ता: सातारा जिल्ह्यातलं एक गाव. पत्र मी हातात घेतलं आणि पहिली ओळ वाचली. 'तीर्थरूप मातोश्रींचे चरणी बालकाचे कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.'

"हे हिंदी नाही, अंकल," मी म्हटलं. "ही माझी भाषा आहे."

त्यांनी चष्मा काढला आणि परत घातला. त्यांनी ते कधीतरी एका लिलावात बऱ्याच भारतीय पाकिटांच्या गठ्ठ्यातून घेतलं होतं. पहिल्या महायुद्धातलं पत्र. सॅन फ्रान्सिस्कोहून निघालेल्या डच जहाजातून उतरवलेलं. हॉलंड तेव्हा तटस्थ होतं. पण कॅलिफोर्नियात शिकणाऱ्या हिंदुस्थानी मुलांवर त्या काळी इंग्रजांचा फार संशय असे, म्हणून त्यांची पत्रं जास्त बारकाईने वाचली जायची. या पत्रावर तर निळ्या पेन्सिलीच्या रेघांचा नुसता सडा होता. कडेला कुणा दुभाष्याने इंग्रजीत टिपलं होतं: पूड. बारीक दळणे. ओल लागू न देणे. पत्र्याचा डबा, कथलाचा डाग देऊन बंद.

"बॉम्ब," अंकल हळू आवाजात म्हणाले. "आमच्या पाकिटं जमवणाऱ्यांच्या क्लबात हे माझं पाकीट बॉम्बवालं म्हणून प्रसिद्ध आहे. मला एवढंच वाचता येतं, कडेचं इंग्रजी. तू सगळं वाच."

मी मोठ्याने वाचायला लागले, एक वाक्य मराठीत आणि मग ते इंग्रजीत. मुलगा शेतीचं शिकायला गेलेला होता. सुटीत फळबागेत मजुरी करायचा आणि संध्याकाळी एका खाणावळीत भांडी विसळायचा. संत्री किती मोठी असतात ते लिहिलं होतं. थंडीत ओठ फुटतात असं होतं. वहिनीला वाचून दाखवता यावं म्हणून मोडीत न लिहिता बाळबोधीत लिहितो, असं होतं. आणि मग निळ्या रेघा सुरू झाल्या. 'येथे तांदूळ मिळतो. मऊ भात करून खातो, परंतु वर घालण्यास काही नाही. तरी मेतकूट करून धाडावे. पूड फार बारीक दळावी. वाटेत ओल लागू देऊ नये. डबा डाग देऊन बंद करावा, म्हणजे समुद्राची हवा लागणार नाही.'

तिथे मला हसू आवरेना. अंकल माझ्याकडे बघत राहिले. मेतकूट म्हणजे काय हे मी त्यांना सांगितलं: डाळी, तांदूळ, गहू वेगवेगळे भाजायचे, मेथी, हळद, हिंग घालून दळायचे, आणि तूप घातलेल्या मऊ भातावर घेऊन खायचं. आजारी माणूसही खातो, लहान मूलही खातं.

"म्हणजे जेवण?" ते म्हणाले.

"जेवण."

"बॉम्ब नाही?"

"हिंग जास्त पडला तर थोडा."

मग तेही हसायला लागले. ते सहसा आवाज करून हसत नसत. डोळे पुसून म्हणाले, "आता क्लबात काय सांगू? तो डच कप्तान थांबला, आरमाराची बोट आली, हत्यारबंद लोक चढले, आणि यांना हाती काय लागलं, तर भुकेला मुलगा."

पत्राचा शेवट मी वाचला तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. 'आपणांकडून पत्र नाही. रागावलात काय? मी येथे एकटा आहे, हे ध्यानी असावे.'

त्या संध्याकाळी मी आईला फोन केला. तोवर फोन कार्डं स्वस्त झाली होती आणि आईची पत्रं कमी झाली होती. मेतकुटाचं प्रमाण मला नीटसं येत नव्हतं. तिने सांगितलं, मग "कशाला हवंय एकदम?" म्हणून विचारलं. मी सगळी गोष्ट सांगितली. ती शेवटी म्हणाली, "अगं, पण पोचलं का मग ते त्या आईला?"

"शनिवारी अंकलना विचारते," मी म्हटलं.

मेतकूट मी पुढच्या आठवड्यात केलं. भारतीय वस्तीतल्या टेक्काच्या बाजारातून डाळी आणल्या, एकेक मंद आचेवर भाजली, आणि मिक्सरमधून काढली. भाजलेल्या डाळीचा आणि हिंगाचा वास कॉरिडॉरभर पसरला. समोरची मलय आंटी दारातून डोकावून काय शिजतंय ते विचारून गेली. शनिवारी मी बरणी घेऊन अंकलकडे गेले. मऊ भात करून आणू का म्हटलं, तर ते म्हणाले, "भात कशाला? माझी पेज आहे."

अंकल तिओच्यू, म्हणजे दक्षिण चीनच्या किनाऱ्यावरून आलेल्या लोकांपैकी. हौगांगमध्ये त्या लोकांची जुनी वस्ती आहे. त्यांची पेज आपल्या पेजेसारखीच, पातळ आणि शितं सुटी दिसणारी. त्याबरोबर खारवलेली भाजी, खारट अंडं, तळलेले शेंगदाणे. त्यांनी वाडग्यात पेज घेतली, वर चमचाभर मेतकूट भुरभुरवलं आणि बराच वेळ चव घेत राहिले. मला आपली धाकधूक.

"हे आमच्याकडे असायला हवं होतं," ते म्हणाले. त्यानंतर मी मेतकूट दोन बरण्यांत करायला लागले.

जेवण झाल्यावर मी आईचा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला. ते उठले, भिंग आणलं आणि पाकीट उलटं केलं. मागे एक पुसट गोल शिक्का होता. साताऱ्याकडचाच. लढाई संपल्यानंतरच्या वर्षाचा.

"पोचलं," ते म्हणाले. "उशिरा, पण गावात पोचलं. माणसाला मिळालं का, ते पाकीट सांगत नाही. ते तुला जाऊन विचारावं लागेल."

ते सहज म्हणाले असतील. पण माझ्या डोक्यात ते बसलं. त्या डिसेंबरात शाळेच्या सुटीत पुण्याला जायचं होतं. निघायच्या आदल्या दिवशी अंकल दाराशी आले आणि ती बारीक फाइल माझ्या हातात दिली. मी म्हटलं, "अहो, फोटो काढून नेते की."

"फोटो नको. पत्ता त्यांचा आहे. त्यांना ठेवायचं असेल तर ठेवू दे."

पुण्याहून माझा भाऊ गाडी घेऊन निघाला. आईला यायचंच होतं, तिला मागे बसवलं. मुलगी कानात गाणी घालून खिडकीशी. गाव रस्त्याला लागूनच निघालं, उसाची शेतं, दुधाची डेअरी, मोबाइलची दुकानं. पाकिटावरचं आडनाव डेअरीवर सांगितलं तर तिथल्या माणसाने बसल्या जागेवरूनच घर दाखवलं. गिलावा केलेलं, दारात ट्रॅक्टर असलेलं साधं घर. पण दाराशी गेल्यावर काय बोलायचं ते मला सुचेना. सिंगापूरहून तुमच्या घरचं पत्र घेऊन आलेय, असं म्हटलं असतं तर त्यांनी मला वेड्यात काढलं असतं.

आईने ते काम केलं. तिथल्या वयस्कर बाईंना ती म्हणाली, "तुमच्या घरातलं कुणी फार पूर्वी अमेरिकेला गेलं होतं का हो?"

बाई तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "चुलत आजेसासरे. मेतकुटवाले."

मी चपला काढल्या आणि त्यांच्या समोर बसले.

चहा झाला, शेजारपाजारची माणसं जमली आणि बाईंनी सांगितलं ते असं. मुलगा आगबोटीने गेला, मग लढाई लागली आणि त्याचं पत्र येईनासं झालं. त्याची आई रोज पोस्टाच्या माणसाची वाट बघायची. त्याला गोऱ्या बायकोने नादी लावलं, तो आपल्याला विसरला, असं गावातले लोक तिच्या तोंडावर बोलायचे. तीही पुढे पुढे तसंच म्हणायला लागली. मग मानमोडीच्या तापाची साथ आली. घरटी माणसं गेली, तशी तीही गेली. आणि त्यानंतरच्या वर्षी हे पत्र आलं.

"वहिनीने वाचलं?" मी विचारलं.

"त्याच तर माझ्या आजेसासूबाई. त्यांनी सासूच्या फोटोपुढे बसून मोठ्याने वाचलं म्हणतात. फोटो म्हणजे काय, पाटावर सुपारी ठेवली होती. मग त्याच दिवशी डाळी भाजायला घेतल्या. तांबटाकडून डबा डाग देऊन आणला आणि अमेरिकेला धाडला."

"पोचला?"

"परत आला नाही. म्हणजे पोचलाच असंल. आमच्या सासूबाई असंच म्हणायच्या."

त्यानंतर अमेरिकेहून त्यांची एक-दोन पत्रं आली, पुढे तीही थांबली. ते परत आले नाहीत. तिकडेच कुठेतरी शेतीवर राहिले आणि तिकडेच गेले, एवढंच घराला माहीत होतं. जुने कागद बाईंच्या दिराने एका तिकिटं जमवणाऱ्या माणसाला देऊन टाकले होते, घर पाडून नवं बांधलं तेव्हा. त्यात हे पत्र गेलं हे कुणाच्या ध्यानातही नव्हतं.

मी फाइल उघडून पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांना वाचता येत होतं. त्यांनी सगळं वाचलं, निळ्या रेघांवरून बोट फिरवलं. "हे कुणी केलं?" म्हणाल्या. मी सांगितलं की सरकारला संशय आला होता, पूड म्हणजे दारूगोळा वाटला असेल. त्यांनी पत्र मांडीवर ठेवलं. "म्हणजे ते लिहीत होते," त्या म्हणाल्या. "आणि आमची म्हातारी त्यांना बोल लावत गेली."

माझ्या आईने त्यांचा हात धरला. त्या दोघींची त्या दिवसाआधी ओळखही नव्हती.

घरातल्या पोरांनी पत्राचे फोटो काढून लगेच नातेवाइकांना धाडले. निघताना मी पत्र ठेवून घ्या म्हटलं. बाईंनी ते फाइलमध्ये घालून मला परत दिलं. "आम्ही दिलंच होतं ना टाकून. त्या चिनी बाबांनी इतकी वर्षं जपलं, त्यांच्याकडंच असू दे. त्यांना म्हणावं, एकदा या."

परतीच्या वाटेवर मुलीने कानातली गाणी काढून विचारलं, "मम्मी, व्हाय दे टेक द लेटर्स? दे नॉट इव्हन एनिमी, लाह." मला जमलं तेवढं मी सांगितलं. आई मागून म्हणाली, "तिला मराठीत सांग." मग मी परत मराठीत सांगितलं, आणि तिने शेवटपर्यंत ऐकलं.

सिंगापूरला परतल्यावर पहिल्याच शनिवारी अंकलना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते शिक्क्यांबद्दल, तारखांबद्दल विचारतील. पण चहाचा पेला बाजूला सरकवून ते म्हणाले, "माझ्या वडिलांना मी मेलेलं बघितलं आहे. मग जिवंत बघितलं."

इतकी वर्षं आम्ही शेजारी. त्यांची बायको, मुलगी, शाळा सगळं मला ठाऊक होतं. हे ठाऊक नव्हतं.

ते लहान असताना आई आणि आजीबरोबर चीनमध्ये स्वातावजवळच्या खेड्यात राहायचे. वडील सिंगापूरला, नदीकाठच्या तांदळाच्या वखारीत. वडिलांची पत्रं नेमाने यायची. मग लढाई पेटली, जपानी आरमाराने तो किनारा रोखून धरला. तटस्थ देशाचं जहाज तरी सुटेल, म्हणून इथल्या लोकांनी आपली पत्रं तसल्या एका जहाजावर घातली. ते वाटेत अडवलं गेलं आणि पिशव्या उतरवून घेतल्या. पुढे सिंगापूरही पडलं. गावात वर्षानुवर्षं एक ओळ आली नाही. शेवटी आजीने ठरवलं की मुलगा गेला. त्याच्या नावाची लाकडी पाटी करून पूर्वजांच्या ओळीत मांडली.

"रोज सकाळी तिथे उदबत्ती लावायचं काम माझं," अंकल म्हणाले. "मला वडिलांचा चेहरा आठवत नव्हता. पाटी म्हणजेच वडील. मग लढाई संपली, आणि एके दिवशी एक बारीक माणूस दारात उभा. मी त्याला विचारलं, कोण पाहिजे? त्याने आत बघितलं. त्याला लिहिता-वाचता येत होतं. त्याने आपलं नाव वाचलं."

"मग?"

"आजी रडायला लागली. आईने काही केलं नाही. ती उठली, पाटी काढली, चुलीत घातली आणि त्यावर भात शिजवला. आम्ही सगळ्यांनी तो खाल्ला."

काही महिन्यांनी उतरवलेलं टपाल सुटून गावात आलं. वडील स्वतः आधी पोचले होते, पत्रं मागाहून आली. आईला वाचता येत नव्हतं. संध्याकाळी अंगणात बसून वडील आपलीच पत्रं तिला वाचून दाखवायचे. "एका पत्रात होतं, तू उत्तर का देत नाहीस, माझ्यावर रागावलीस का. तिथे ते थांबले. मला पक्कं आठवतं, ते खाली बघत होते. आई म्हणाली, वाचा पुढे."

अंकलनी पत्र फाइलमध्ये सरकवलं. "लोक क्लबात मला विचारतात, तू इंग्रजांनी उतरवलेलं टपाल जमवतोस की जर्मनांनी, की जपान्यांनी? मला त्याचं काही नाही. पिशवी कुणीही उतरवली तरी घरी बसलेली बाई तीच असते."

त्यानंतरही आमचे शनिवार चालू राहिले. मी त्यांना त्या गावी नेणार होते. तिकिटांची चौकशीही केली होती. पण त्यांचे गुडघे बिघडले, मग डोळ्यांचं ऑपरेशन झालं, आणि मुलीने त्यांना पासिर रिसला आपल्या घरी नेलं. जाताना त्यांनी फ्लॅट आवरला तेव्हा मी मदतीला होते. भिंतीवरचा नकाशा काढल्यावर मागचा रंग अजून ताजा दिसत होता. मी महिन्या-दोन महिन्यांनी बसने त्यांच्याकडे जायची. ते समुद्राजवळच्या बागेत व्हीलचेअरवर बसून लांबवर उभी असलेली जहाजं बघायचे आणि माझ्याकडून झेंडे ओळखून घ्यायचे. मला ते कधीच नीट ओळखता आले नाहीत. तरी ते विचारायचे.

ते गेले त्याची बातमी त्यांच्या मुलीने फोनवर दिली. पासिर रिसच्या त्यांच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत मंडप घातला होता, गोल टेबलं, शेंगदाणे, पुठ्ठ्याच्या डबीतला तयार चहा. आमचे हेही रजा टाकून आले होते. आम्ही नमस्कार केला आणि बसलो. त्यांची मुलगी आमच्या शेजारी येऊन बसली. तिने फायलींचं काय करायचं ते विचारलं. मी म्हटलं, क्लबाला द्या, तिथे कळणारी माणसं आहेत. ते मराठी पत्र मात्र तिने आधीच वेगळं काढून ठेवलं होतं. वडिलांनी तसं सांगून ठेवलं होतं म्हणे. ते तिलाही स्वतःजवळच ठेवायचं होतं.

बोलता बोलता मी तिच्या आजोबांच्या पाटीचा विषय काढला. चुलीत घातली आणि भात शिजवला, हे मी सांगितलं तशी ती माझ्याकडे बघत राहिली.

"पप्पा तुम्हाला असं म्हणाले?" ती म्हणाली. "आम्हाला तर त्यांनी सांगितलं होतं की त्यांच्या आईने, आमच्या आजीने, ती नदीत सोडली. हळूच, पाण्यावर ठेवून."

विचारायला आता कुणी उरलं नव्हतं. "तुम्हाला कुठलं खरं वाटतं?" तिने विचारलं.

"चूल," मी म्हटलं.

"मलाही," ती म्हणाली. "आजी तशीच होती. नदीचं बहुतेक आम्ही लहान होतो म्हणून सांगितलं असणार."

तेवढ्यात शाळेतले त्यांचे जुने विद्यार्थी आले, सगळे पांढऱ्या केसांचे. ती त्यांच्याकडे गेली. आम्ही आणखी थोडा वेळ बसलो आणि मग बस धरून घरी आलो.